विकून टाकलेलं नाव

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला हे सांगताना चूक होते, तारखा तर आठवतच नाहीत. एकच प्रकरण पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत जसंच्या तसं लक्षात राहिलं आहे, आणि ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. निवृत्त अधिकारी लिहायला बसले की आपण लावलेल्या तपासांच्या गोष्टी सांगतात. ही गोष्टही लागलेल्या तपासाचीच आहे. तो तपास जिथे येऊन थांबला तिथे मीच उभा होतो, एवढाच फरक.

मी तेव्हा वाशिम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. ठाण्याचं, गावांचं, माणसांचं, कुणाचंच नाव लिहीत नाही. ते का, हे पुढे कळेलच. हद्द मोठी आणि माणसं कमी, अशी आमची नेहमीची स्थिती. सकाळी हजेरी, मग समन्स-वॉरंटची वाटणी, दुपारी तक्रारदार, आणि सोयाबीन निघायच्या दिवसांत शेतात रचलेली पिकाची गंजी चोरीला गेल्याच्या तक्रारींची रांग.

आठवडी बाजाराच्या दिवशी ठाण्यात गर्दी असायची. खिसा कापला, मोबाईल पडला, गाडी सापडत नाही. अशाच एका बाजाराच्या दुपारी तिशीच्या एक बाई बाकावर बसलेल्या होत्या. पिशवीत मेथीची जुडी आणि कांदे. ठाणे अंमलदाराने विचारल्यावर म्हणाल्या, मोबाईल हरवला. त्यांचा नंबर आला, आत आल्या आणि दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "मोबाईल नाई हरवला साहेब. बाहीर तसं सांगतलं. मले तुमच्याशीच बोलायचं हाये. पन एखादी बाई बसवा जवळ."

मी आमच्या एका महिला पोलीस शिपायाला बोलावलं. ती त्याच भागातली मुलगी, भरतीला तीन वर्षं झालेली, कामाला चोख. दार लोटलं आणि बाई बोलायला लागल्या.

त्यांच्या भासऱ्याची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची मुलगी दहावीत होती. वय पंधरा. आठ दिवसांनी तिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे बरे होते, ऊसतोडीला जायच्या आधी मुलगी उजवून टाकायची असं घरात पक्कं झालं होतं.

"पोरगी मले काकू म्हनते, पन वाढवली म्याच," बाई म्हणाल्या. "मले चौदाव्या वर्षी दिलं होतं साहेब. पयलं लेकरू पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेले मीच जाता जाता राह्यली. तिच्यासंगं हे नाई होऊ देनार."

"घरात कुणाशी बोललात?"

"कोनाशी बोलू? एकाच भिंतीले दोन चुली हायेत आमच्या. माहं नाव निंघालं तं मले उभं करनार नाईत दारात."

मी त्यांना सांगितलं, "तुमचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही. माझा शब्द आहे."

हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी ते रेकॉर्डही झालं, कारण बाईंच्या संमतीने मी त्यांचं बोलणं माझ्या मोबाईलवर घेत होतो. शाळेचं नाव, मुलाचं गाव, हळदीचा दिवस, सगळं नीट हवं होतं.

ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर दिवसभर कुणी ना कुणी एफआयआर भरत असे. तिथे गोपनीय टिपण टाईप करणं मला धोक्याचं वाटलं. म्हणून मी ते घरी, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर केलं. आधी कच्चं टिपण, त्यात बाईंचं नाव, वस्ती, नातं सगळं. मग त्यावरून पक्कं टिपण, ज्यात बाईंच्या जागी 'माहितीगार' आणि वस्तीच्या जागी फक्त 'हद्दीतील एक गाव'. पक्क्याची एकच प्रत काढली, त्यावर महिला शिपायाची साक्षीदार म्हणून सही घेतली, आणि लिफाफा मोहोरबंद केला. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उतरवून मोबाईलमधून काढून टाकलं. आपण किती काळजी घेतो याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

लग्न थांबलं. हळदीच्या आदल्या दिवशी ग्रामसेवक आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका यांना घेऊन आम्ही गेलो. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख समोर ठेवली. आईवडिलांना बाल कल्याण समितीसमोर नेलं, मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाही असं हमीपत्र त्यांनी लिहून दिलं. घरच्यांचा संशय शाळेच्या हेडमास्तरांवर गेला. त्या काकू त्या दिवशी इतर बायकांच्या बरोबरीने आम्हाला शिव्या देत होत्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला त्यांचं मनातून कौतुक वाटलं.

त्यानंतर सव्वा वर्ष गेलं. मुलगी दहावी होऊन अकरावीला गेली होती. एका सकाळी हजेरी चालू असतानाच त्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, गावात मोबाईलवर एक कागद फिरून राह्यला. अन् संगं आवाज बी हाये. तुमचाच आवाज हाये साहेब."

त्यांनी पाठवलेलं मी माझ्या खोलीत बसून ऐकलं. पहिल्यांदा बाईंचा आवाज, पोरीचं वय, हळदीचा दिवस. मग माझा आवाज, खणखणीत: "तुमचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही. माझा शब्द आहे." खाली टिपणाचा फोटो, त्यात बाईंचं पूर्ण नाव. तोवर ते चार गावांच्या ग्रुपांवर गेलं होतं. पुढे पाठवणाऱ्यांनी हसण्याची चिन्हंही टाकली होती.

महिला शिपायाला सोबत घेऊन गाडीने निघालो. बाई फाट्यावरच भेटल्या. पिशवी मांडीवर घेऊन निवाऱ्याच्या ओट्यावर बसल्या होत्या. डावा गाल सुजलेला, हातातल्या बांगड्या फुटून मनगटाला ओरखडे. भासऱ्याने आणि जावेने घरातून काढलं होतं. नवरा मध्ये पडला नव्हता. मी दवाखान्यात नेलं, मारहाणीची तक्रार लिहून घेतली. सगळा वेळ बाई महिला शिपायाशी बोलत होत्या, माझ्याशी नाही. सही करताना एकदाच म्हणाल्या, "अजून कोनते कागद हायेत, तेही सांगून द्या लोकाईले."

दुपारी दुसऱ्या तालुक्यातून त्यांचा भाऊ आला आणि त्यांना माहेरी घेऊन गेला.

आता तपास. माहिती फुटली कुठून? खोलीत तीन माणसं होती. बाई स्वतः, मी, आणि महिला शिपाई. बाई स्वतःचं नाव फोडणार नाहीत. स्वतःवर संशय घेण्याचा प्रश्नच माझ्या मनात आला नाही. राहिली ती.

नोकरीभर मी एक गोष्ट पाहिली आहे. ठाण्यात काही बिघडलं की पहिलं बोट हुद्द्याने लहान माणसाकडे जातं, कारण ते बोट दाखवायला सोपं असतं. हे मला माहीत होतं. तरी मी तेच केलं. तिच्या मावशीचं सासर त्या नवऱ्या मुलाच्या गावात होतं, एवढा धागा मला पुरला.

तिला माझ्या खोलीत बोलावलं आणि उभीच ठेवलं. संशयिताला बसू द्यायचं नाही, ही जुनी पद्धत. आमच्याच माणसावर ती वापरताना मला काहीच वाटलं नाही.

"कुणाला दिलंस?"

"साहेब, मी कोनालेच नाही दिलं."

"तुझी मावशी त्या गावात आहे की नाही?"

"आहे. पन तिच्याशी या केसबद्दल मी एक शब्द नाही बोलली."

"टिपणावर सही कुणाची आहे?"

"माही आहे साहेब. तुमी करायला लावली म्हणून केली."

हे उत्तर मला उद्धट वाटलं. मी आवाज चढवला. तिचा मोबाईल काढून घेतला, तिच्या कॉलचा तपशील मागवायचं पत्र लिहिलं. सगळ्या स्टाफला बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "एका बाईचा संसार मोडलास तू. वर्दी अंगावर ठेवायची लायकी नाही तुझी." ती रडली नाही. ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मला तो निर्ढावलेपणा वाटला. त्याच दिवशी तिच्याविरुद्ध कसुरी अहवाल, म्हणजे कर्तव्यात कसूर केल्याचा लेखी ठपका, पाठवला आणि तिला ठाण्यातून काढून मुख्यालयात संलग्न करून टाकलं.

कॉलच्या तपशिलात काहीच निघालं नाही. मोबाईलमध्येही काही नव्हतं. मी म्हणालो, पुसून टाकलं असेल.

दहाएक दिवसांनी प्राथमिक चौकशीच्या जबाबासाठी ती वाशिमहून ठाण्यात आली. जबाब लिहून झाल्यावर तिने सॅल्यूट केला, पण ती तिथेच उभी राहिली.

"एक बोलू का साहेब?"

"बोल."

"मी ज्या कागदावर सही केली, त्याच्यात बाईचं नाव नव्हतं. माहितीगार लिहिलं होतं. मी वाचूनच सही केली. मोबाईलवर जो कागद फिरून राह्यला, त्याच्यात नाव आहे, वस्ती आहे. अन् माही सही नाही त्याच्यावर. तो कागद मी कधी पाह्यलाच नाही."

मी तिला म्हणालो, "मला तपास शिकवू नकोस." ती गेली.

ती गेल्यावर मी कपाट उघडून मोहोरबंद लिफाफा काढला. मोहोर शाबूत होती. फोडला. पक्कं टिपण, माहितीगार, हद्दीतील एक गाव, खाली तिची सही. शेजारी मोबाईल ठेवला. दोन वेगळे कागद होते. नाव असलेलं कच्चं टिपण मी कधी छापलंच नव्हतं. ते एकाच ठिकाणी होतं, माझ्या लॅपटॉपवर. आणि तो लॅपटॉप मी पाच महिन्यांपूर्वी विकला होता.

बाहेर कुणीतरी हरवलेल्या बैलाची तक्रार देत होतं, रंग, शिंगं, गळ्यातली घंटा सगळं सांगत होतं, ते ऐकू येत होतं.

तो लॅपटॉप जुना झाला होता. मंद चालायचा, झाकणाची बिजागरी सैल झाली होती. नवा घेतल्यावर तालुक्याच्या गावी जुने कॉम्प्युटर घेणाऱ्या एका दुकानात तो देऊन टाकला. द्यायच्या आधी एक पूर्ण रविवार मी त्यावर घालवला होता. मुलीच्या लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर घेतले. बँकेची, फंडाची कागदपत्रं घेतली. माझं माझं सगळं निवडून जपून ठेवलं. उरलेलं सगळं एकदम निवडून डिलीट केलं आणि रिसायकल बिन रिकामा केला. उघडून दोनदा पाहिलं, काही दिसत नव्हतं. दुकानदाराने विचारलंही होतं, "साहेब, थांबता का? पूर्ण साफ करून घेतो तुमच्यासमोर. टाईम लागते जरा." मी म्हणालो होतो, "सगळं काढलं आहे मी. घाई आहे."

दुसऱ्या दिवशी सायबर कक्षात गेलो. तिथे एक हवालदार होता, या कामात मुरलेला. माझा लॅपटॉप असं न सांगता, एका माणसाचा म्हणून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, मुद्देमाल रजिस्टरमधली नोंद खोडली म्हणून मुद्देमाल खोलीतून जातो का? तसंच आहे. डिलीट केलं की कॉम्प्युटर फक्त नोंद खोडतो. माल तिथंच पडून असतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत कोणीही साधं सॉफ्टवेअर लावून काढू शकतो." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कोणाचा आहे साहेब?"

मी तिथून उठलो आणि लॅपटॉप विकला होता त्या दुकानात गेलो.

दुकानदाराच्या वहीवरून लॅपटॉप कुणी घेतला ते लगेच कळलं. त्या नवऱ्या मुलाच्या गावाशेजारीच ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवणारा पस्तिशीचा माणूस. सातबारा, पीकविमा, परीक्षांचे अर्ज असली कामं तो करायचा. लॅपटॉपसह त्याला ठाण्यात आणलं. खोलीत मी, तो, आणि जबाब लिहायला आमचा लेखनिक हवालदार. सकाळी अकराची वेळ.

खरं सांगायचं तर अजूनही मला आशा होती. वाटत होतं की याने दुसरीकडून कुठून तरी मिळवलं असेल.

"हा कागद कुठून आणलास?"

"लॅपटॉपमधून, साहेब."

"तुझ्या लॅपटॉपमध्ये पोलिसांचं टिपण कसं आलं?"

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं मी त्याची परीक्षा घेतो आहे. "साहेब, माह्याकडून गिऱ्हाइकाच्या फायली उडल्या होत्या चुकीनं. त्या परत काढाले एक सॉफ्टवेअर घेतलं. तं माह्या फायलींसंगं हे जुनं सारंच निंघालं. तुमचे वर्दीतले फोटो, तुमच्या पोरीच्या लग्नाचे फोटो..." तो थांबला. "ते म्या कोनालेच नाई दाखवले साहेब. देवाशपथ. पोलिसाच्या घरचं हाये म्हनून बंद करून ठेवलं."

"मग बाईंचं काहून दाखवलं?" माझ्या तोंडून त्याचीच भाषा निघाली.

तो खाली बघत म्हणाला, "नवरदेवाचा चुलतभाऊ माह्या दुकानात बसते. त्याले म्हनलं, पाह्य तुमचं लगन कोनं मोडलं ते. मजेमजेत दाखवलं. त्यानं मोबाईलवर फोटो घेतला, आवाज बी घेतला. एवढं होईन असं नाई वाटलं."

मी टेबलावर हात आपटला. "पोलिसांची गोपनीय माहिती चोरून पसरवतोस?"

तेव्हा तो मान वर करून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "चुकलो साहेब, दाखवाले नव्हतं पाहिजे. पन चोरी नाई केली म्या. तुमी इकलं, म्या घेतलं. पावती हाये माह्याकडं."

लेखनिक हवालदाराचं पेन थांबलं होतं. माझ्याहून वयाने मोठा माणूस, त्याने बत्तीस वर्षं जबाब लिहिले होते. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "हे लिहू का साहेब?"

मी म्हणालो, "थांब जरा."

हे दोन शब्द मला आजही टोचतात. त्या दोन शब्दांवर मी दोन दिवस काढले. जबाब अर्धवट ठेवून त्या माणसाला घरी सोडलं, उद्या ये म्हणून सांगितलं. मनात हिशेब चालू होता की त्याने पसरवलं हे तर खरंच आहे, गुन्हा त्याच्यावर लागतोच. लॅपटॉप कुणाचा हे दोषारोपपत्रात आलंच पाहिजे असं कुठे आहे? 'जुना लॅपटॉप खरेदी केला' एवढं लिहिलं तरी भागतं. निवृत्तीला साडेतीन वर्षं राहिली होती. सेवापुस्तक स्वच्छ होतं. मी हे सगळं तोलत होतो तेव्हा ती महिला शिपाई मुख्यालयात माझ्या कसुरी अहवालामुळे अडकून पडली होती. दोन दिवस हे मला माहीत होतं आणि मी गप्प होतो. लॅपटॉप विकताना मी अडाणी होतो असं म्हणता येईल. या दोन दिवसांना मात्र काहीच म्हणता येत नाही.

तिसऱ्या दिवशी हजेरीच्या आधी लेखनिक हवालदार माझ्या खोलीत आला. अर्धवट जबाबाचे कागद टेबलावर ठेवले. म्हणाला, "साहेब, माही पोरगी तिच्याच बॅचची आहे." आणि गेला. एवढंच बोलला तो.

मी वर्दी घालून वाशिमला पोलीस अधीक्षकांसमोर गेलो आणि पहिल्यापासून सांगितलं. दोन दिवसांसकट. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, "तुम्ही स्वतः आलात हे मी नोंदवीन. पण त्या बाईंना त्याचा काय उपयोग?" तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. मी त्यात साक्षीदार झालो. दुकानवाल्यावर आणि त्या चुलतभावावर गुन्हा दाखल झाला, माझ्यावर विभागीय चौकशी लागली आणि शिक्षाही झाली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. कमीच होती.

महिला शिपाई परत आल्यावर मी सकाळच्या हजेरीत सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ज्या आवाजात तिला बोललो होतो त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणालो, चूक माझी होती, माहिती माझ्या लॅपटॉपमधून गेली, मी हिच्यावर खोटा आळ घेतला. मला वाटलं होतं ती म्हणेल, असू द्या साहेब. माणसं बहुधा तसं म्हणतात. ती सावधान उभी राहून म्हणाली, "साहेब, कसुरी अहवाल मागे घेतल्याचं लेखी द्या मले." मी त्याच वेळी लिहून दिलं. तिने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि आपल्या ड्युटीवर गेली.

बाईंकडे जायचं बाकी होतं. मी महिला शिपायाला विचारलं, येशील का. ती म्हणाली, "त्यांच्यासाठी येतो मी."

साध्या कपड्यांत, खाजगी गाडीने गेलो. बाई भावाच्या अंगणात हळद निवडत बसल्या होत्या. वाळलेल्या हळकुंडांचा ढीग आणि हात कोपरापर्यंत पिवळे. भावजयीने खाट टाकली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. कुणी फोडलं, कसं निघालं, लॅपटॉप कुणाचा होता.

माझं संपल्यावर बाई म्हणाल्या, "चोरानं नेलं असतं तं समजलं असतं मले. तुमी तं इकलं." मग हातातलं हळकुंड ढिगात टाकून, "कितीले गेला साहेब तो लॅपटॉप?"

मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, जणू बाजारभाव विचारला होता. पुन्हा हळद निवडायला लागल्या.

"मी काय करू शकतो तुमच्यासाठी?" मी विचारलं. विचारतानाच प्रश्न किती पोकळ आहे ते कळलं.

"पोरगी शाळेत जाऊन राह्यली का?"

"हो," महिला शिपाई म्हणाली. "कालच कॉलेजात जाऊन पाह्यलं मी. वर्गात होती."

"मंग झालं," बाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही. आम्ही निघालो. काही महिन्यांनी त्यांचा नवरा त्यांच्याकडे राहायला गेला असं कानावर आलं. सासरच्या चुलीवर त्या परत गेल्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर शेजारपाजारचे लोक मला जुना लॅपटॉप किंवा मोबाईल विकायच्या आधी विचारतात, कारण मी सगळ्यांच्या मागेच लागलेला असतो. मी सांगतो की सगळ्या खात्यांतून बाहेर पडा. नुसतं डिलीट करू नका. रीसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय असतो, तो निवडा, त्याला वेळ लागतो, लागू द्या. काही नाजूक असेल तर हार्ड डिस्क काढून घरीच ठेवा आणि बाकीचा सांगाडा विका. परवा एक शिक्षक हसून म्हणाले, "माझ्या लॅपटॉपमध्ये लपवण्यासारखं काय असणार? मार्कांच्या याद्या आणि पोरांचे फोटो." मी म्हणालो, "तुमचं नसेल हो सर. त्या पोरांचं असेल." हे मला आधी कळलं नव्हतं. मी त्या रविवारी माझं काय आहे तेच शोधत बसलो होतो. लोकांनी विश्वासाने माझ्याकडे ठेवलेलं माझं नव्हतंच, म्हणून ते मला दिसलंही नाही. आणि आपली चूक शोधायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यात आधी आपल्याहून लहान माणूस शोधला. पहिली चूक कुणी नीट समजावलं असतं तर टळली असती. दुसरी मला शिकवण्याची गरज नव्हती, ती मला येतच होती.

त्या बाईंना मी नंतर एकदाच पाहिलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी पोहरादेवीच्या यात्रेत मी बंदोबस्ताला होतो. दर्शनाच्या रांगा दूरवर गेलेल्या, उन्हात माणसांचे लोंढे, लाऊडस्पीकरवर हरवलेल्या लेकरांची नावं चाललेली. बॅरिकेडजवळ उभा असताना रांग सरकली आणि त्या समोर आल्या. हातात नारळ, सोबत एक उंच मुलगी, पाठीला सॅक लावलेली. ती पुतणी होती का हे मला सांगता येणार नाही, मी तिला मोठी झालेली पाहिली नव्हती. बाईंनी मला ओळखलं. एक क्षण थांबल्या, पदर कपाळावर ओढला आणि मुलीचा हात धरून पलीकडच्या बाजूला झाल्या.

माझ्या शेजारच्या हवालदाराच्या ते लक्षात आलं. त्याने विचारलं, "ओळखीच्या आहेत का साहेब?"

"नाही," मी म्हणालो, आणि रांग पुढे सरकवायला हात केला.